लेबलवर नसलेली नावे

शनिवार, रात्रीचे साडेदहा

आज अखेर अमेरिकेतल्या नेवार्कच्या आजोबांकडे, म्हणजे एका जुन्या रेकॉर्डवरच्या गायकाकडे, मुलाखतीसाठी जाऊन आलो. दोन महिने फोनवर दिवस ठरत होते आणि मोडत होते. कधी त्यांचा गुडघा आडवा येई, तर कधी चर्चमधल्या कुणाचा अंत्यविधी. नाव कुठे छापायचे नाही, असे त्यांनी दारातच बजावल्यामुळे ते येथेही लिहीत नाही. १९५२ च्या सुमारास पाच मुलांच्या एका गटात ते खर्जाचा आवाज लावत, तेव्हा त्यांचे वय सतरा होते आणि पाचांपैकी एकालाही स्वरलिपी वाचता येत नव्हती, एवढे सांगितले तरी पुरे.

सोबत मी त्यांचीच रेकॉर्ड नेली होती. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, लाखेची. ती मला एका जुन्या बाजारात मोडक्या शिवणयंत्राखालच्या खोक्यात चार डॉलरांना मिळाली, कारण काठापासून आत तिला बोटभर तडा गेलेला आहे. या लाखेची मला नेहमी गंमत वाटते. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारी ही लाख अमेरिकेत मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे. दुसऱ्या महायुद्धात ती आवक अडचणीत आली, १९४२ मध्ये सरकारने रेकॉर्ड कंपन्यांच्या वाट्याच्या लाखेला मोठी कात्री लावली आणि नवी रेकॉर्ड हवी असेल तर जुनी आणून द्या, अशी मागणी गिऱ्हाइकांकडे होऊ लागली. त्या वेळी ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या, किती दुर्मिळ रेकॉर्ड वितळल्या असतील, याचा हिशेब संग्राहकाने झोपण्यापूर्वी मांडू नये.

कित्येक वर्षे माझा छंद हा खरे तर कागदाचाच छंद होता. रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेल्या लेबलचा रंग कोणता, ठसा पहिल्या छपाईचा की नंतरचा, शेवटच्या खाचेपुढच्या मोकळ्या कड्यात कोरलेला क्रमांक काय, यातच मी रमत असे. ‘फाइव्ह शार्प्स’ या गटाच्या १९५२ मधल्या ‘स्टॉर्मी वेदर’च्या मूळ प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच सापडल्या आहेत, आणि त्यांपैकी एक न्यूयॉर्कच्या एका दुकानात पाळलेल्या रॅकूनने वर बसून फोडली, अशी कथा संग्राहक एकमेकांना सांगत असतात. मीही ती चवीने सांगत असे. मात्र त्या गटात गात कोण होते, हे मला कुणी विचारले असते तर मी गप्प बसलो असतो.

लेबलवर गटाचे नाव असते, कंसात गीतकाराचे, आणि गाणाऱ्या पोरांची नावे बहुधा नसतातच. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत साप्ताहिकाने १९४९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय रेकॉर्डच्या यादीचे ‘रेस रेकॉर्ड्स’ (वंशाच्या रेकॉर्ड) हे जुने नाव टाकून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव घेतले, तेव्हा शीर्षक सभ्य झाले. लेबलवरची ती जागा मात्र रिकामीच राहिली. त्या रिकाम्या जागेपायी मी मुलाखती घेऊ लागलो.

पहिली मुलाखत पार फसली होती. एका वृद्ध गायिकेला मी लागोपाठ तारखाच विचारत सुटलो, तेव्हा ‘तुला पोलिसांनी पाठवले आहे का?’ असे म्हणून त्यांनी चहाचे कप उचलले. सत्तर वर्षांपूर्वीचा मंगळवार कुणाच्याही लक्षात राहत नाही, पण कोण कुठे उभे होते हे राहते, एवढे त्या दिवशी मी शिकलो.

म्हणून आज तेच विचारले. आजोबांनी साखरेचे भांडे टेबलाच्या मध्यभागी ठेवले आणि तो मायक्रोफोन ठरवला. त्याच्याजवळ मिठाची डबी, म्हणजे मुख्य गायक; मागे मिरपूड, चष्म्याचे घर आणि कप; आणि बाजूला औषधाची बाटली, म्हणजे ते स्वतः. मायक्रोफोन एकच असल्यामुळे कुणाचा आवाज किती यावा हे अंतरावर ठरत असे. आपली ओळ आली की बाटली पुढे सरकायची आणि ओळ संपताच मागे जायची. हे त्यांनी बाटली सरकवून तीनदा करून दाखवले. मग त्यांनी चष्म्याचे घर उचलले आणि म्हणाले, ‘हा आमचा नव्हता.’ गटातला वरच्या सुराचा मुलगा त्या दिवशी आजारी पडला होता, म्हणून शेजारच्या इमारतीतल्या एका पोराला उभे केले होते. गटातल्या गायकांची जी छापील यादी मी आजवर प्रमाण मानत आलो, तिच्यात या पोराचा उल्लेख नाही.

मी माझ्या छोट्या यंत्रावर रेकॉर्ड लावली. तड्यामुळे दर फेऱ्याला टक असा आवाज येत होता. त्यावर ताल धरत ‘आमच्या ड्रमवाल्यापेक्षा हा बरा आहे’ असे ते म्हणाले. दुसऱ्या कडव्यात वरचा आवाज शब्दाच्या मध्येच श्वास घेतो. त्यांनी बोट वर केले: ‘हाच तो. त्याला शिकवायला आम्हाला वेळच मिळाला नव्हता.’ तो श्वास मी शंभरदा ऐकला असेन, आणि दरवेळी ती छपाईतली खोट समजलो. अर्थात एका माणसाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, आणि उरलेले चौघे हयात नाहीत. माझ्या वहीत मी छापील यादी आणि त्यांचे म्हणणे ही दोन्ही शेजारी शेजारी लिहिली आहेत.

पैशांचा विषय त्यांनीच काढला. स्टुडिओचे भाडे, वादकांची मजुरी, इतकेच काय पाच निळे सूटसुद्धा त्यांच्या मानधनातून वळते झाले, आणि हिशेबाअंती तेच कंपनीचे देणेकरी निघाले. गायिका रूथ ब्राउन यांची हकिगत या वर्तुळात सर्वांना पाठ आहे. १९५० च्या दशकात ज्यांच्या गाण्यांमुळे अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीला ‘रूथने बांधलेले घर’ म्हणत, त्यांनी पुढे घरकाम केले, शाळेची बस चालवली, आणि वकील हॉवेल बेगल यांच्या साथीने इतकी वर्षे झगडा दिला की १९८८ मध्ये कंपनीने जुन्या कलावंतांच्या नावावर दाखवलेले असे देणे माफ केले व त्यांच्या मदतीसाठी ‘रिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ उभे राहिले. आजोबांना त्याविषयी विचारले, तर ते हसले. ‘त्या बाईंची गाणी घरोघरी होती. आमची तुझ्याकडे आहे.’

त्यांच्याकडे स्वतःची एकही प्रत नाही. ही ठेवून घ्या म्हटले, तर वाजवायला घरात काही नाही म्हणाले. थोड्या वेळाने मात्र पेन मागून त्यांनी कागदी वेष्टणावर, भोकाभोवती गोलाकार, साखरेच्या भांड्याभोवती मांडली होती त्याच क्रमाने नावे लिहिली. हात कापत होता, त्यामुळे चार नावांना दहा मिनिटे लागली. पाचव्या जागी फक्त ‘स्किनी’ असे टोपणनाव आहे आणि त्यापुढे आडनावापुरती जागा सोडलेली आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीला ते आठवेल, ती त्या पोराच्या वर्गात होती, असे म्हणून त्यांनी तिचा फोन नंबर दिला आहे. रविवारी चर्चहून ती दोन वाजता घरी येते.