मास्टॉइडचं ऑपरेशन झालंय ना, मग कान दाखवत राहा

आई कान दाखवायला निघाली की मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कोण ना कोण विचारतंच, "काकू, ऑपरेशन होऊन लई वर्षं झाली की, आता परत कशाला? कान वाहतोय काय?" वाहत नाही. दुखतही नाही. तरी जायचं असतं, आणि हेच लोकांना पटत नाही म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आपल्या साध्या कानात पडद्यावरची आणि नळीतली कातडी हळूहळू बाहेरच्या दिशेला सरकत असते, मळ आणि मेलेली कातडी तिच्यासोबतच बाहेर येते, म्हणून बहुतेकांना कान आतून साफ करायची गरजच पडत नाही. आईला कोलेस्टिऑटोमा होता, म्हणजे मधल्या कानात कातडी वाढत जाते आणि आजूबाजूचं हाड खाते. तो काढताना मास्टॉइड, म्हणजे कानामागचं पोकळ्यापोकळ्यांचं हाड, ड्रिलने कोरलं आणि कानाच्या नळीची मागची भिंतही काढली, त्यामुळे आत एक मोठी पोकळी झाली, डॉक्टर तिला कॅव्हिटी म्हणतात. तिच्यावर नवी कातडी येते, पण ती पहिल्यासारखी नीट बाहेर सरकत नाही, कोपऱ्याकोपऱ्यात पापुद्रे आणि मळ साठत जातो, त्यात पाणी गेलं की वास, बुरशी, पू सगळं सुरू. आणि मळाखाली आजार परत डोकं काढत असेल तर साफ केल्याशिवाय तो दिसणार कसा? म्हणून सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे डॉक्टर सांगतील तसं जायचं.

तिथं काय करतात तर आडवं झोपवून मायक्रोस्कोपखाली बारीक नळीने सक्शन. आवाज मोठा येतो, कारण नळी कानाच्या आतच असते. कडक खपली असेल तर आधी काही दिवस थेंब घालायला देतात. आईला सगळ्यात त्रास होतो तो चक्कर येण्याचा. तोल सांभाळणारी एक अर्धवर्तुळाकार नळी त्या पोकळीच्या अगदी लगत असते, सक्शनच्या हवेने ती गार झाली की आतलं द्रव हलतं आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. रॉबर्ट बाराणी नावाच्या डॉक्टरांनी हेच हेरलं होतं, कानात गार किंवा गरम पाणी सोडलं की पेशंटला चक्कर येते, आणि तोल सांभाळणाऱ्या या यंत्रणेवरच्या कामासाठी त्यांना 1914 चं नोबेल मिळालं. चक्कर आली की लगेच सांगायचं, डॉक्टर थांबतात. डोळे उघडे ठेवून एका जागी नजर लावली की आईला लवकर बरं वाटतं. थेंबाची बाटलीसुद्धा आधी मुठीत धरून कोमट करायची, गार थेंबानेही तेच होतं. परत येताना स्वतः गाडी चालवू नका, कोणालातरी सोबत न्या.

थंडीत सकाळी टू-व्हीलरवर जाताना आई कानाला स्कार्फ बांधते, गार वारं थेट आत लागलं की गरगरतं तिला. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. कोमट तेल, काडी, बड, हेअरपिन, काही काही घालायचं नाही, कितीही खाज सुटू दे. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका, कारण काही अँटिबायोटिक थेंब आतल्या कानापर्यंत पोचले तर ऐकू येणं कमी करू शकतात.

आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पंचगंगेवर नाहीतर विहिरीवर पोहायला जायची हौस सगळ्यांनाच. घरात कॅव्हिटीवालं पोरगं असेल तर हात जोडून सांगतो, डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. कान खराब होईल हे झालंच, पण गार पाणी आत शिरून पाण्यातच चक्कर आली तर वर कुठं आणि खाली कुठं तेच कळत नाही, पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो.

घाण वास, पू, रक्त, अचानक कमी ऐकू येणं, न थांबणारी चक्कर, असलं काही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, चेहऱ्याची नस तिथूनच जाते.

आणखी एक, ऑपरेशनचे कागद जपून ठेवा आणि दर वेळी सोबत न्या. डॉक्टर बदलले की भिंत काढलीय की ठेवलीय, मधल्या कानातल्या बारीक हाडांच्या साखळीतलं काय शिल्लक आहे हे त्यांना त्या कागदावरून नीट कळतं. आम्ही फाईलचे फोटो मोबाईलमध्येही ठेवलेत.