तागडीतलं पिल्लू

शनिवार, रात्री साडेनऊ

मांजराचं पिल्लू आणलं एकदाचं. सकाळपासून झड लागली होती, बेळगावच्या खानापूर रोडवर समोरचं दिसत नव्हतं. स्कूटरवर पुढं पायांत पुठ्ठ्याचा खोका, त्याला भोकं पाडलेली, वर माझा रेनकोट. तिसऱ्या रेल्वे गेटापाशी थांबून खोक्याला कान लावला. आत चिडीचूप. तेवढ्यानंही जीव घाबरला माझा. वाकून भोकातून बघितलं तर एक पिवळट डोळा माझ्याकडंच लागलेला.

प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या अक्का सांगत होत्या, भाजी मार्केटच्या गटारात तीन पिल्लं सापडली. त्यातली दोन पिल्लं आठवड्याच्या आत गेली, ओकारी आणि जुलाबानं. मांजरांचा पार्व्हो म्हणतात त्याला. विषाणू इतका चिवट की जागा नीट निर्जंतुक केली नाही तर वर्षभरही टिकतो, म्हणून त्यांनी तो पिंजरा अजून रिकामाच ठेवलाय. ही तेवढी वाचली. वय अंदाजे दोन महिने, पहिली लस झालेली. पांढरी, काळी आणि तांबूस, अशी तिरंगी.

फॉर्म कन्नडमध्ये होता. मी हळूहळू वाचत भरला. पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदी करायची, सांभाळणं जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता परत आणून द्यायचं. एक प्रश्न होता, घरात दिवसभर कोण असतं? 'वडील' लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. खरं तर त्याच्यासाठीच मी गेले होते. आई जाऊन चौदा महिने झाले. मी शाळेतून येईपर्यंत अप्पा सोप्यात खुर्चीवर बसून असतात, रेडिओसुद्धा लावत नाहीत.

निघताना अक्कांनी बोट हलवून बजावलं, "हालु कोडब्याड्री." दूध देऊ नका.

रविवार

रात्रभर शिवणयंत्रामागं. खायला ठेवलेलं तसंच. निवाऱ्यात सांगितलं होतं की सुरुवातीला एकाच खोलीत ठेवा, ओढून काढू नका, एखादा दिवस लपेल. आईच्या खोलीत ठेवलंय. त्या खोलीचं दार इतके दिवस लोटलेलंच होतं. आज तिथला पंखा पुसला, खिडकी उघडली.

अप्पा दारापर्यंत आले. "उपाशी ठेवालीस काय तिला? बशीत दूध घाल की." आई असंच करायची, परसात येणाऱ्या प्रत्येक मांजराला. मी समजावलं, आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवायची ताकद मांजरांत कमी होत जाते, गाई-म्हशीच्या दुधानं पोट बिघडतं, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब झाले तर अंगातलं पाणी जायला वेळ लागत नाही. ते काही बोलले नाहीत. आईचं चुकत होतं असं मी म्हटल्यासारखं झालं, ते मला नंतर कळलं. तसं म्हणायचं नव्हतं मला. ती मांजरं मोठी होती, बाहेर चार घरी खाणारी होती. उद्या अप्पांना हे सांगायला हवं.

मंगळवार

पिल्लाला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. फिनेलवरून त्यांनी चांगलंच सुनावलं. आपल्याकडं पावसाळ्यात पाण्यात फिनेल टाकल्याशिवाय फरशी पुसल्यासारखी वाटत नाही. पण मांजराच्या यकृताला फिनॉल निकामी करता येत नाही. फरशीवरून चालतं, पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, तीही त्याच कारणानं मांजराचा जीव घेते. घरी आल्या आल्या फिनेलची बाटली उचलून बाहेर ठेवली. आता साबणाचं पाणी. ज्यांच्या घरी मांजर आहे त्या सगळ्यांना हे सांगत सुटावंसं वाटतंय.

तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते, हेही डॉक्टरांनी सांगितलं. तांबूस आणि काळ्या रंगाची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, दोन एक्स असल्याशिवाय दोन्ही रंग एका अंगावर येत नाहीत. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मग मनीच."

नाव असं ठरलं.

खाण्याचा प्रश्न अवघड होता. अप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ, वीस वर्षं आमच्या चुलीवर मांस शिजलं नाही. आणि मांजर वरणभातावर जगत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, ते नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. मी आडवळणानं सुरुवात केली. अप्पांनी ऐकून घेतलं, मग परसाकडं बोट केलं. "न्हाणीघराजवळ जुना स्टोव्ह हाय. भांडं वेगळं कर. देवानं तिला जसं केलंय तसं तिनं खावं." मी उगाच तीन दिवस धास्ती घेतली होती. आता बिनमिठाचं, बिनकांद्याचं चिकन परसात उकडतं, वर पत्र्यावर पाऊस वाजत असतो.

रविवार

डॉक्टरांनी आठवड्याला वजन करायला सांगितलंय. या वयात आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आसपास वाढलं पाहिजे, वाढ थांबली तर लगेच दाखवा. मी बाथरूममधला काटा काढला तर त्याच्यावर ती उमटेनाच.

अप्पा उठले, माळ्यावर शिडी लावली (मी नको नको म्हणत असताना) आणि दुकानातली तागडी खाली काढली. रविवार पेठेतलं दुकान बंद करून सहा वर्षं झाली. पारडी चिंचेनं घासली, एका पारड्यात मनीला टॉवेलवर ठेवलं, दुसऱ्यात तेवढ्याच घडीचा टॉवेल आणि वजनं. पाचशे, दोनशे. मनी पारड्यातून उतरायला बघू लागली. आणि अप्पा म्हणाले, "कूडु, कूडु." बस, बस.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

हे इथं लिहून ठेवायला हवं. आमच्या घरी उंबऱ्याच्या आत मराठीच, हा अप्पांचा नेम. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी लाठ्या खाल्ल्या, खांदा अजून पावसाळ्यात दुखतो. 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, निषेधाचा काळा सदरा घालून सायकल फेरीला निघायचे, गुडघे गेले तेव्हा कुठं थांबले. पण दुकानात चाळीस वर्षं सौंदत्ती, बैलहोंगल, गोकाकची गिऱ्हाइकं यायची आणि अप्पा त्यांच्याशी अस्सल कन्नड बोलायचे. "बर्री, कूड्री" म्हणत पोत्यावर बसवायचे, चहा मागवायचे. लहानपणी शाळा सुटल्यावर मी गूळ खात तिथंच बसलेली असायचे. तो आवाज घरातल्या आवाजापेक्षा वेगळा होता, मोठा, मोकळा, हसऱ्या तोंडाचा. दुकानाबरोबर तो बंद झाला. आईला तो आवाज फार आवडायचा. तांदूळ संपला नसतानाही ती दुकानात चक्कर मारायची.

आज तो सोप्यात ऐकला.

"साडेसातशेला सरळ," अप्पा म्हणाले. आणली तेव्हा निवाऱ्याच्या कागदावर साडेसहाशे लिहिलेलं होतं. शंभर ग्रॅम भरली.

बुधवार

कोडं सुटलं. मी "ये मने, ये ये" करून थकले तरी ती ढिम्म. अप्पांनी मात्र "बा, इल्ली बा" म्हटलं की शेपूट उभी करून धावते. निवाऱ्यातल्या अक्का ताटली वाजवून अशाच हाक मारायच्या. ज्या हाकेबरोबर खाणं आलं, ती तिची हाक. अप्पांना ते पहिल्याच दिवशी कसं कळलं, विचारलं. म्हणाले, "गिऱ्हाइकाची भाषा दारातच ओळखायची असती."

त्यांना मी नेमाबद्दल काही विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतंच काही. लाठी ज्या सक्तीविरुद्ध खाल्ली ती सक्ती वेगळी, आणि पोत्यावर बसणारा गोकाकचा माणूस वेगळा. हे अप्पांना पहिल्यापासून माहीत होतं, मलाच उशिरा समजतंय.

आषाढी एकादशी

साबुदाणा, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी. दिवसभर अप्पांचं हरिपाठ आणि ज्ञानेश्वरी. मी मुद्दामच विचारलं, आज मनीचं काय करू? ग्रंथातून मान वर न काढता म्हणाले, "तिला कसली एकादशी? तिचं तिला घाल." मनी त्यांच्या मांडीवर होती, पान उलटताना पानाबरोबर तिचा पंजाही उलटत होता.

रविवार

दुसरी लस झाली. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. नसबंदीसाठी दिवाळीआधीचा महिना मी आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. मांजर चार-पाच महिन्यांचंही माजावर येतं, आणि गाभ जेमतेम नऊ आठवड्यांचा. गटारातली ती तीन पिल्लं अशीच कुणीतरी उशीर केल्यामुळं जन्माला आली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुक्या जिवाला कापायचं कशाला, पाप लागतं." मी त्यांना त्या रिकाम्या पिंजऱ्याबद्दल सांगितलं. त्या गप्प झाल्या. पटलं की नाही, माहीत नाही. पुन्हा सांगेन.

वजन, किलोला पन्नास कमी. अप्पा दुकानातल्या उरलेल्या एका खातेवहीत लिहून ठेवतात. 'मनी' म्हणून खातं उघडलंय, डावीकडं तारीख, उजवीकडं ग्रॅम.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात चटणी वाटत होते. सोप्यातून आवाज आला, "बर्री, बर्री! ऊटा आत?" या, या, जेवण झालं? मांजराला आदरार्थी, दुकानात बोलायचे अगदी तसंच. मी मिक्सर बंद केला.