तुम्ही विचारलंत म्हणून: गावातली घरं अर्धी का राहतात

दिवाळीला किंवा लग्नसराईत गावी आलेली माणसं आमच्या दुकानात बल्ब, खिळे, नळाची तोटी घ्यायला येतात आणि एक प्रश्न हमखास विचारतात. “वहिनी, गावात जागा एवढी मोकळी आहे, पुण्यासारखे भाव नाहीत, मग इथली घरं अशी का? प्लास्टर नाही, वर टीन, सळाखी आभाळाकडे, आणि आत पाय ठेवायला जागा नाही.” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण बोलण्याच्या मागे एक समज असतो, की लोक आळशी आहेत किंवा पैसा भलतीकडे घालवतात. तो समज मला लागतो. यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका गावात आमचं सिमेंट, लोखंड आणि टिनपत्र्यांचं दुकान आहे. कोण घरासाठी काय नेतं, कोणत्या महिन्यात नेतं आणि कुठे येऊन थांबतं, हे सगळं आमच्या उधारीच्या वहीत दिसतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

घराची बाकी सगळी कामं थांबू शकतात. पाया भरून वर्षभर तसाच ठेवता येतो. विटा थोड्या यंदा घेतल्या, थोड्या पुढच्या साली, अंगणात रचून ठेवल्या तर काही बिघडत नाही. भिंत खिडकीपर्यंत आली की मिस्त्री दुसऱ्या कामाला जातो आणि पैसे आले की परत येतो. स्लॅब मात्र एका दिवसात टाकावा लागतो. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा साचा, लागलेलं, लोखंड बांधलेलं, गिट्टी, रेती, सिमेंट, मिक्सर, पंधरा-वीस मजूर आणि त्यांचं जेवण, सगळं एका सकाळी हजर पाहिजे, आणि सगळ्यांचे पैसे त्याच आठवड्यात द्यायचे. अर्धा आज आणि अर्धा पोळ्यानंतर असं करायला गेलं तर सांधा राहतो आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं. म्हणून घर लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत, येतं आणि माणूस काउंटरपुढे उभा राहून म्हणतो, “वहिनी, स्लॅबचं यंदा काही जमत नाई. टीनच दाखवा.”

टीन दोन वर्षांपुरतं म्हणून टाकतात. वावधानात उडू नये म्हणून त्यावर दगड, जुने टायर ठेवतात. मग पोरीचं लग्न येतं, बोअर कोरडी जाते, कुणाला तरी सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं, आणि टीन दहा वर्षं तसंच राहतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा त्या टिनाखाली दुपारी बसवत नाही. म्हातारी माणसं कडुनिंबाखाली बाज टाकून दिवस काढतात.

पैसा येतो कधी, हेही पाहा. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या तोंडावर येतात, ते कृषी केंद्राच्या आणि किराण्याच्या उधारीत जातात. कापूस वेचता वेचता डिसेंबर-जानेवारी उजाडतो. हातात रक्कम दिसते फेब्रुवारी-मार्चला. म्हणजे बांधकाम उन्हाळ्यातच होणार. त्याच दिवसांत विहिरी तळाला जातात, आणि नव्या स्लॅबवर तर मातीची आळी करून दोन आठवडे पाणी उभं ठेवावं लागतं. मृगाचा पाऊस यायच्या आत हे सगळं बसवायचं असतं. एवढ्याशा फटीत ज्याचं जमलं त्याचं घर झालं.

आमच्या गावातल्या अर्ध्या घरांकडे पाहून मला त्या त्या वर्षीचा कापूस सांगता येतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली बोंडं आतून पोखरली. त्या वर्षी ज्यांनी पाया भरला होता त्यांतली काही घरं अजून जोत्यावरच आहेत, तिथे आता शेळ्या बसतात. २०२१-२२ ला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. तो उन्हाळा मी विसरणार नाही. सेंट्रिंगवाल्यांना झोपायला वेळ नव्हता, आणि कर्ज न काढता स्लॅब टाकणारी माणसं दुकानात पेढे घेऊन आली. त्याच्या पुढच्या हंगामात लोकांनी तोच भाव येईल म्हणून जानेवारी, फेब्रुवारी, मार्च कापूस घरात धरून ठेवला. उन्हाळ्यात तो आठ हजारांच्याही खाली विकावा लागला. त्या भरवशावर सुरू झालेली घरं लिंटेलवर थांबली आहेत. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये ठरला. मिस्त्रीची मजुरी आणि रेतीचा ट्रॅक्टर या काळात खाली आलेले नाहीत.

पाहुण्यांना न दिसणारा एक खर्च जमिनीखाली असतो. ज्या काळ्या मातीत कापूस होतो ती घराला चालत नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरची भिंत दोन-तीन वर्षांत कोपऱ्यातून तिरपी फाटते. तेव्हा मुरूम लागेपर्यंत खोदा, नाहीतर काळी माती उपसून मुरूम आणून भरा आणि मग जोता उचला. इतकं करून हातातले निम्मे पैसे संपतात आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला दिसतं काय, तर गुडघाभर दगडाचा चौकोन.

आता महागाईचं. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना तालुक्यात, आवारपूर-गडचांदूरकडे, सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. चुनखडी आमच्या शेजारची. तरी गोणीचा भाव मोठ्या शहरात जेवढा असतो साधारण तेवढाच इथे, वर गावापर्यंतचं भाडं. शहरात घर महाग असेल, पण त्या महागाईसाठी पंधरा-वीस वर्षांचं कर्ज मिळतं. इथे पगारपत्रक नाही, आयकराचं रिटर्न नाही. घराचा कागद म्हणून हातात ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, तो कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा म्हणून बँक तो धरत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी करून मालमत्ता पत्रकं देणं सुरू झालं आहे, त्यानं पुढे फरक पडेल अशी मला खरंच आशा आहे. पण आज माझ्यासमोर उभा असलेला माणूस अख्खं घर बँकेच्या कर्जाशिवाय बांधतो. शहरात किती जण असं करतात?

मग विचारतात, “घरकुल मिळतं ना?” मिळतं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये २०१६ पासून सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले आणि आमच्याकडे योजनेचा तो आकडा वर्षानुवर्षं तोच राहिला. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. २०२५ मध्ये राज्यानं ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार सोलरसाठी. घरकुलाला ५ ब्रास रेती मोफत देण्याचंही धोरण आलं. योजना वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. कुडाच्या भिंतीतून विटांच्या भिंतीत आलेल्या बाया मला रोज भेटतात. माझं म्हणणं हप्त्यांबद्दल आणि मापाबद्दल आहे.

पहिला हप्ता १५ हजारांचा. पुढे जोता, मग भिंती, मग छत, प्रत्येक टप्प्याचा फोटो मोबाइलवर चढला की पुढचा हप्ता. म्हणजे काम आधी, पैसा मागून. आणि नेमकी स्लॅबच्या वेळी सगळी रक्कम एकदम लागते. त्यात गावात दुसरी जागा नसल्यामुळे जुनं घर पाडूनच त्या जागी नवं उभं करावं लागतं. आमच्या गल्लीत एका कुटुंबाचा हप्ता अडकला, का ते त्यांना कुणी नीट सांगितलं नाही, आणि पाऊस सुरू झाला. रस्त्याच्या कडेला तट्टे आणि ताडपत्री लावून पाच माणसं राहिली. पोरीची पुस्तकं खताच्या रिकाम्या पोत्यात घालून आड्याला टांगलेली होती, कारण खाली ठेवायला कोरडी जागाच नव्हती. ती मुलगी त्या वर्षी दहावीला होती.

आणि माप. घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे साधारण २७० चौरस फूट. चार माणसांच्या निजण्याला ते पुरेल. पण शेतकऱ्याच्या घरात माणसांबरोबर पीकही राहतं. चार-पाच एकरांचा पंचवीस-तीस क्विंटल कापूस दहा बाय दहाच्या खोलीत भरला तर जवळजवळ छताला टेकतो. भाव नसेल तर तो महिनोन्‌महिने तिथेच राहतो. खरेदी केंद्रावर ओलावा ८ ते १२ टक्क्यांत पाहिजे, वर गेला की गाडी परत. म्हणून घरात ज्या एका खोलीवर स्लॅब आहे ती खोली कापसाला जाते, आणि माणसं समोरच्या टिनाच्या छपरीत झोपतात. तुम्ही आत आलात आणि म्हणालात की केवढी अडचण आहे, तेव्हा दाराआड पांढरा डोंगर होता. त्याच्या बाजूनं उरलेल्या हातभर वाटेतून ती बाई तुमच्यासाठी चहा घेऊन आली. उन्हाळा वाढला की त्या कापसातून बारीक किडे निघतात, घरभर अंगाला खाज सुटते, लेकरं रात्र रात्र ओरबाडतात. चूल, अगरबत्ती, उघड्या वायरी, सगळ्यांची धास्ती. सोयाबीनची पोती, तुरीचे कट्टे, फवारणीचा पंप आणि औषधाचे डबेसुद्धा कित्येक घरांत त्याच खोलीत असतात, आणि ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो. घरकुलाच्या नकाशात पिकासाठी एक खोली धरा, निदान सहा बाय आठची कोरडी कोठी तरी, हे मी प्रत्येक ग्रामसभेत मांडते आणि मांडत राहीन.

“पण जागा तर मोकळी आहे,” हा तुमचा मुद्दा राहिला. मोकळं दिसतं ते शेत असतं, नाहीतर ई-क्लासची सरकारी जमीन. घर बांधायचं ते गावठाणात, आणि गावठाणाची हद्द कित्येक गावांत आजोबांच्या काळचीच आहे. शेतातला गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा घरासाठी विकत घ्यायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा यायचा. घरकुल, विहीर, रस्ता यांच्यासाठी त्यात सवलत आली ती अगदी अलीकडे. जागा घ्यायला पंडित दीनदयाल उपाध्याय योजनेतून आता १ लाखापर्यंत मदत मिळते, पण विकणारा भेटला पाहिजे. तोवर भाऊ वेगळे होतात आणि आहे त्याच घराचे उभे तुकडे पडतात. एका खणाच्या रुंदीचं, एकामागे एक चार खोल्यांचं, रेल्वेच्या डब्यासारखं घर तयार होतं. मधल्या खोल्यांना खिडकी नाही, कारण दोन्ही बाजूंना भावांच्या भिंती. एका घरात तर वाटणीत मोठ्याला दार आलं आणि धाकट्याला न्हाणी. धाकट्यानं मागची भिंत फोडून दार काढलं, ते दुसऱ्याच्या गुरांच्या कोठ्यात उघडतं. त्याची बायको रोज पहाटे बैलांच्या मधून वाट काढत पाण्याला जाते.

काही जण सेवाग्रामची बापूकुटी पाहून येतात आणि म्हणतात, तशी मातीची, कवेलूची (म्हणजे कौलांची) थंडगार घरं का नाही बांधत? मलाही ती आवडतात. १९३६ साली गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले तेव्हा लाकूड, बांबू, कवेलू आणि ती रचणारे हात आसपास होते. आज कवेलू भाजणारा कुंभार शोधावा लागतो, सागवान परवडत नाही, आणि माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की शंभर कवेलू फुटतात. दरवर्षी मृगाच्या आधी छप्पर फिरवायला, म्हणजे कवेलू काढून पुन्हा रचायला, माणूस मिळत नाही. लोकांनी ती घरं हौसेनं सोडलेली नाहीत.

सळाख्यांचंही सांगते. वर काढून ठेवलेल्या सळाख्या म्हणजे धाकट्या पोराची खोली. त्याचं लग्न होईपर्यंत त्या गंजतील, म्हणून जाणती माणसं त्यांना सिमेंटचं पाणी फासतात आणि टोकांवर बाटल्या उलट्या घालतात. आता खाली जागा उरलेली नाही, तेव्हा घर वाढलं तर वरच वाढणार.

शहरात नोकरी लागलेले भाऊ विचारतात, मदत करायची तर काय करू? दिवाळीला येऊन टाइल्स, पीओपी, मोठं गेट यांवर पैसे घालू नका. भावाचं घर लिंटेलवर उभं असेल तर स्लॅबचं लोखंड आणि मिक्सरचे पैसे एकरकमी द्या, कापूस विकायची घाई त्याला करावी लागणार नाही अशा बेतानं द्या. फेब्रुवारीत फोन करा. मार्च लागला की सेंट्रिंगवाल्याची तारीख मिळत नाही, आणि टँकरचं पाणीही फेब्रुवारीतच सांगून ठेवावं लागतं.