जांभ्याचा गडगा: पेन्सिलीपासून तैलरंगापर्यंत

पाच माध्यमांत चित्र काढताना विषय एकच ठेवला आहे. मालवणकडचा जांभ्याचा जुना गडगा (दगड रचून केलेली कुंपणाची भिंत), डावीकडून वरून येणारं सकाळचं ऊन, पायथ्याशी पावसाळी शेवाळ. पेन्सिल, शाई, जलरंग आणि सॉफ्ट पेस्टल झालं. तैलरंगाचा पहिला थर बसला आहे.

पेन्सिलीत खरं काम जांभ्यातल्या छिद्रांचं. सगळी काढायची नाहीत, दर चिऱ्यात (जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्यात) पाच-सहा नीट काढली की बाकीची डोळा भरून घेतो. ऊन वरून येत असेल तर छिद्राच्या वरच्या काठाची सावली आत पडते आणि खालच्या ओठावर उजेड लागतो. म्हणून वरच्या कडेला ४बी या मऊ पेन्सिलीचा गडद डाग, खालची कड कागदाची कोरीच. चहूबाजूंनी रेघ फिरवली तर छिद्र न दिसता वर चिकटवलेली गोळी दिसते. दोन चिऱ्यांमधली फट मात्र ६बीने ठासून काढा, नाहीतर रचाईचं वजन येत नाही.

शाईसाठी कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीचा (चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या लोककलेचा) मार्ग धरला: सपाट भरलेला रंग आणि त्याभोवती ब्रशची ठाम रेघ. जलरोधक काळी शाईच वापरा, म्हणजे वरून रंग भरताना रेघ फुटत नाही.

आता रंग. जांभ्याचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, आणि आपल्या पेटीतले यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड हेही लोहाचेच रंग. तेवढ्यावर भागतं. क्रिमझन घातला की दगड गुलाबी पडतो आणि गडगा जांभ्याचा राहत नाही. खाणीतून नुकत्याच काढलेल्या चिऱ्यात पिवळे-गुलाबी पट्टे स्पष्ट दिसतात. जुना चिरा वरून काळवंडलेला असतो, तिथे बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन मिसळा. हे मिश्रण खरबरीत कागदावर दाणेदार बसतं आणि दगडाचा पोत निम्मा आपोआप येतो.

जलरंगाला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरबरीत कागद घेतला, चारही बाजूंनी टेप लावून. पहिला हात: ऑकर दोन भाग, लाइट रेड एक भाग, भरपूर पाणी. ओला असतानाच चिऱ्यांच्या खालच्या अंगाला बर्न्ट सिएना सोडायचा. दुसरा हात पूर्ण वाळल्यावर, आणि आपल्याकडे पावसाळ्यात घोळ होतो तो इथेच. कागदाची चकाकी गेली म्हणजे तो वाळला असं नाही; हवेतच एवढा दमटपणा असतो की आतला ओलावा बराच वेळ टिकतो. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर थांबा. घाई केली की नव्या रंगातलं पाणी जुन्याला ढकलतं आणि दातेरी कडांचे डाग उठतात. केस सुकवायच्या यंत्राने वाळवायचं तर आधी चकाकी जाऊ द्या आणि ते हातभर लांब धरा.

पोतासाठी मीठ टाकायची युक्ती किनाऱ्यावर नको. झटकूनही थोडं मीठ कागदात राहतं आणि पुढच्या पावसात तेच ओल ओढतं.

दमट कपाटात राहिलेल्या कागदाचं साइझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) जातं. कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचा एक फटकारा मारा. पाणी लगेच शोषलं गेलं आणि गडद ठिपके उमटले तर तो कागद जलरंगाला बाद. कोळशाला आणि पेस्टलला चालतो.

पेस्टलमध्ये दगड सर्वांत लवकर जमला, हे मनापासून सांगायला हवं. करड्या, खरबरीत कागदावर आधी गडद तपकिरी, मग कांडी आडवी धरून तांबड्याचा हलका हात. कागदाच्या खळग्यांत खालचा रंग राहतो, तीच छिद्रं. बोटाने चोळलं की सगळं गेलं. फिक्सेटिव्ह (पेस्टलची भुकटी धरून ठेवणारा फवारा) उघडीप बघून, साधारण ३० सेंटीमीटरवरून, दोन पातळ हातांत मारा. एकदम ओलं केलं तर उजळ रंग काळपट होतात.

तैलरंगाचा पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा आहे. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो दमट हवेतही इतरांच्या आधी वाळतो, म्हणून खाली तोच बरा. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडकतो. पुढचा टप्पा पेंटिंग नाइफचा (रंग ओढायच्या बोथट सुरीचा): लाइट रेड आणि ऑकर अर्धवट मिसळून चिऱ्याच्या उन्हातल्या बाजूवर ओढायचे, सावलीतली बाजू पातळच ठेवायची. शेवाळ सगळ्यांत शेवटी, ऑकर आणि अल्ट्रामरीनच्या हिरव्यात किंचित बर्न्ट सिएना घालून. ट्यूबमधला नुसता सॅप ग्रीन त्या तांबड्याशेजारी फार ओरडतो.