तुम्ही विचारलंत म्हणून : तांतचं मत

लेबनॉनची राजधानी बैरूत, तिथे चार वर्षं राहून आले म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो. ‘बँका बुडाल्या, बंदर उडालं, तरी तिथली माणसं पुन्हा त्याच पुढाऱ्यांना मतं कशी देतात?’ विचारणाऱ्याच्या सुरातली तुच्छता मला लागते. म्हणून आज नीट सांगते.

हम्रा भागात आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालकीणबाई, त्यांना सगळी इमारत ‘तांत’ म्हणे, म्हणजे मावशी-काकू काय ते. २०२१च्या उन्हाळ्यात सरकारी वीज दिवसाला जेमतेम तास-दोन तास यायची. बाकी सगळं गल्लीतल्या जनरेटरवर. त्याच्या वर्गणीला ‘इश्तिराक’ म्हणतात. आमची पाच अँपिअरची होती. इस्त्री लावायची तर बाकी सगळं बंद, आणि विसरलं की खटका पडलाच. मग अंधारात चार जिने उतरून तो वर करायचा.

तांतच्या यजमानांनी उभं आयुष्य कुवेतमध्ये नोकरी केली आणि कमाई डॉलरमध्ये घरच्या बँकेत ठेवली. १९९७पासून डॉलरचा भाव १५०७ लिरांना (लिरा म्हणजे तिथलं चलन) बांधलेला, व्याज भरघोस, कोणाला शंका यावी? बँका ते डॉलर मध्यवर्ती बँकेकडे ठेवत आणि जुन्यांचं देणं नव्या ठेवींतून भागे. बाहेरून येणारा पैसा आटला आणि ऑक्टोबर २०१९मध्ये बँकांची दारं दोन आठवडे बंद झाली. उघडली तेव्हा ठेवी कागदावर तशाच होत्या, हातात मात्र येत नव्हत्या. तशा अडकलेल्या डॉलरला लोकांनी ‘लोलार’ असं नाव दिलं. लिरा पुढे घसरत घसरत डॉलरला ८९,५०० वर गेली.

त्यात एका रात्री काकांच्या, म्हणजे तांतच्या यजमानांच्या, छातीत दुखू लागलं. हॉस्पिटलने आधी अनामत मागितली, तीही रोख डॉलरमध्ये. बँकेत आयुष्यभराचे डॉलर आणि तांतच्या पर्समध्ये लिरांची पुडकी! शेवटी तांतने आपल्या पंथाच्या पुढाऱ्याच्या कचेरीत फोन लावला. तासाभरात खाट मिळाली. याला तिथे ‘वास्ता’ म्हणतात. आपला ‘वशिला’ही मूळ अरबीच.

हे सगळं धार्मिक पंथावर उभं आहे. देशात मान्यताप्राप्त पंथ १८. १९४३च्या अलिखित करारापासून राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. शेवटची जनगणना १९३२ची. नवी केली तर पंथापंथांतल्या पदांच्या वाटणीचा हिशेब उघडा पडेल. लग्नही पंथाच्या कायद्यानेच, म्हणून नोंदणी लग्न हवं असलेली जोडपी सायप्रसला जातात. मतदानही राहत्या जागी नाही. तांत जन्मापासून बैरूतची, पण लग्नानंतर तिची नोंद नवऱ्याच्या गावी गेली, तिथेच जाऊन मत द्यायचं. तिथे कुठलं घर कोणाच्या बाजूचं, हे पुढाऱ्याच्या माणसांना तोंडपाठ असतं.

लोक गप्प बसले असं मात्र कृपा करून म्हणू नका. १७ ऑक्टोबर २०१९ला सगळा देश रस्त्यावर आला. घोषणा होती, ‘कुल्लुन यानी कुल्लुन’, सगळे म्हणजे सगळेच, आपल्या पंथाचा पुढारीही त्यात आला. तांत कॉफीचा थर्मास घेऊन रोज निदर्शनांना, शहरातल्या शहीद चौकात जायची. पुढल्या वर्षी ४ ऑगस्टला बंदरात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट हे स्फोटक रसायन फुटलं, दोनशेहून जास्त माणसं गेली. चौकशीच्या पहिल्या न्यायाधीशांनी माजी मंत्र्यांवर आरोप ठेवले, तर त्यांच्यातल्याच दोघांच्या अर्जावरून न्यायाधीशांनाच हटवलं. तरीही २०२२च्या निवडणुकीत १२८पैकी तेरा जागा चळवळीतून आलेल्या नव्या लोकांनी जिंकल्या. माझ्या मते हे फार मोठं आहे.

तांतने मात्र त्या जुन्याच पुढाऱ्याला मत दिलं. फोनवर तिने स्वतःहून सांगितलं, आणि बराच वेळ रडली. थर्मास घेऊन चौकात बसणारी बाई ती. पण काकांचं औषध अजून त्याच कचेरीतून येत होतं. मी काय बोलणार?

डॉलर अजून बँकेतच आहेत. दर महिन्याला ठरावीक रक्कम मिळते, ती आणायला आता तांत एकटी जाते.