कंपायलरने जास्तीचं द्यावं, पण सांगून

सी भाषेत एक्स्टेंशन (कंपायलरने, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमने, पदरची घातलेली भर) नकोतच, स्टँडर्डमध्ये, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत, लिहिलंय तेवढंच कंपायलरने घ्यावं असं म्हणणारे भेटले की मी विचारतो, मग लिनक्सचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कशात लिहायचं होतं? ते शुद्ध सी मध्ये कधीच नव्हतं, जीसीसी या जीएनयू प्रकल्पाच्या कंपायलरच्या सी मध्ये होतं. साधा मॅक्सचा मॅक्रो (दोनातला मोठा आकडा देणारा, कंपाइल होण्याआधी कोडमध्ये जसाच्या तसा चिकटणारा तुकडा) घ्या, स्टँडर्ड सी मध्ये लिहिला आणि त्याला आय प्लस प्लस (आय एकाने वाढवणारं) दिलं तर ते दोनदा चालू शकतं आणि मग बसा बग शोधत. जीसीसीत टाइपऑफने (हे दिलेल्या गोष्टीचा टाइप काढून देतं) तात्पुरता व्हेरिएबल करायचा, सगळं कंसातल्या ब्लॉकमध्ये टाकायचं, शेवटच्या एक्स्प्रेशनची व्हॅल्यू बाहेर येते, संपला विषय. हेच टाइपऑफ स्टँडर्डात कधी आलं? सी २३ या अगदी अलीकडच्या आवृत्तीत! तोवर लोकांनी काय हात बांधून बसायचं?

आणि स्टँडर्ड म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही हो. रनटाइमला साइज ठरणारा ॲरे सी ९९ ने (१९९९ चं स्टँडर्ड) सक्तीचा केला, सी ११ ने (२०११ चं) ऐच्छिक केला, आणि कर्नलवाल्यांनी २०१८ मध्ये ४.२० ही आवृत्ती येईपर्यंत तो वेचून वेचून काढून टाकला, कारण ६४ बिट इंटेलवर कर्नलचा स्टॅक (फंक्शनच्या तात्पुरत्या व्हेरिएबलची जागा) असतो १६ केबी, त्यात एवढा मोठा ॲरे आला तर काय होणार ते सांगायला नको.

पण दुसरी बाजू पण आहे आणि ती क्लँगवाल्यांना (क्लँग म्हणजे एलएलव्हीएम प्रकल्पाचा सी कंपायलर) विचारा. जीसीसीची बरीच एक्स्टेंशनं त्यांनी घेतली, पण फंक्शनच्या आत फंक्शन आणि स्ट्रक्टच्या आत रनटाइमला साइज ठरणारा ॲरे याला ठाम नाही म्हणाले, म्हणून तसला ॲरे वापरणारा कर्नलचा क्रिप्टोचा (एन्क्रिप्शनचा) कोड क्लँगसाठी बदलावा लागला. असेंब्ली गोटूच्या (असेंब्लीच्या तुकड्यातून थेट सी मधल्या लेबलवर उडी) बाबतीत उलट झालं, कर्नल हटेना, शेवटी २०१९ ला एलएलव्हीएम ९ मध्ये क्लँगलाच ते करावं लागलं. म्हणजे एका कंपायलरने लावलेली सवय दुसऱ्याने निस्तरायची.

आपल्याकडे टर्बो सी वर (बोरलँड कंपनीचा जुना कंपायलर) शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको (नियर आणि फार, म्हणजे जवळचे आणि लांबचे, पॉइंटर आठवतात का? १६ बिट सेगमेंटच्या मशीनवर त्याशिवाय चाललंही नसतं). वाईट एवढंच की हा बोरलँडचा भाग आणि ही मूळ भाषा हे कुणी सांगितलंच नाही, मग लिनक्सवर टर्बो सी चं क्लियर स्क्रीन फंक्शन चालेना की पोरं म्हणणार जीसीसीच खराब.

माझा राग याच गुपचूपपणावर आहे. जीसीसीत काही फ्लॅग (कंपायलर चालवताना द्यायची सूचना) दिला नाही तर जीएनयूवाली भाषाच मिळते, बरं एसटीडी इक्वल्स सी १७ हा स्टँडर्ड निवडायचा फ्लॅग दिला म्हणून सुटलात असं समजू नका, त्याने फक्त स्टँडर्डशी भांडणारी एक्स्टेंशनं बंद होतात, शून्य लांबीचा ॲरे तसाच हूं की चूं न करता कंपाइल होतो. ओरडायला हवं असेल तर पेडँटिक हा फ्लॅग वेगळा द्यावा लागतो. हे उलटं पाहिजे ना राव! आधी वॉर्निंग, नको असेल त्याने बंद करावी. डबल अंडरस्कोरवाली ॲट्रिब्यूट (कोडमध्येच कंपायलरला दिलेल्या जादा सूचना) त्यामानाने सभ्य, कोड वाचतानाच कळतं की हे बाहेरचं आहे.

त्यातलं क्लीनअप ॲट्रिब्यूट मी तर बिनधास्त वापरतो, स्कोप संपला की फाइल आपोआप बंद, कर्नलनेही २०२३ पासून लॉक सोडायला तेच धरलंय. फक्त ते एका हेडरमध्ये मॅक्रोत गुंडाळून ठेवतो आणि बिल्ड जीसीसी, क्लँग दोन्हीवर चालवतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर ते नाही, पण तिकडे मला जायचंच नाहीये.