एक प्रौढ, तीन मुले आणि आठवड्याचा किराणा

साडेचार वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाच्या जुळ्या मुली यांना बरोबर घेऊन, दुसऱ्या कोणा मोठ्या माणसाची सोबत नसताना, एका मोठ्या दुकानातून आठवड्याचे सामान आणण्यासाठी मी केलेल्या फेरीचा हा वृत्तांत आहे. अशी फेरी ज्यांना करायची आहे, त्यांच्या मनात बहुधा दुकानातल्या रडारडीची धास्ती असते. माझ्या मते खरी कसोटी रॅकमधून फिरताना लागत नाही. ती लागते मुले एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवताना, म्हणजे वाहनातून ट्रॉलीत, ट्रॉलीपासून बिलाच्या काउंटरपर्यंत आणि तेथून पुन्हा वाहनात. या तीन वेळी दोन हातांना तीन मुले सांभाळावी लागतात. म्हणून कोणत्या क्षणी कोणते मूल पट्ट्याने बांधलेले असेल आणि माझा कोणता हात मोकळा असेल, हे मी घरातून निघण्यापूर्वीच ठरवून ठेवले होते.

वेळ मी सकाळची निवडली, जुळ्या झोपून उठल्यानंतरची आणि तिघांचेही खाणे झाल्यानंतरची. दुकान उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात गर्दी कमी असते आणि रांगही लहान असते. जुळ्यांची झोपेची वेळ एकच असेल तर हा तास नेमका साधता येतो, आणि ती एक नसेल तर जी लवकर कंटाळते तिच्या वेळेप्रमाणे चालावे. यादी मी सामानाच्या प्रकारानुसार नव्हे, तर दुकानातल्या वाटेच्या क्रमाने लिहिली होती: आधी कोरडे आणि जड सामान, मग भाज्या आणि फळे, सर्वांत शेवटी दूध आणि इतर थंड पदार्थ. मागे वळून एखादी वस्तू आणायला जावे लागणे हे एकट्या माणसासाठी किरकोळ असते. तीन मुलांसह ते महागात पडते. निघण्यापूर्वी तिघांचा एक फोटो त्या दिवशीच्या कपड्यांत काढून ठेवला, कारण मूल नजरेआड झाले तर घाबरलेल्या पालकाला कपड्यांचा रंगसुद्धा आठवत नाही.

गाडी दाराजवळ लावण्याचा मोह प्रत्येकाला होतो. माझा आग्रहाचा सल्ला असा, की ती ट्रॉल्या परत ठेवण्याच्या जागेला लागून लावावी, मग दार कितीही दूर असो. असे केले की जाताना ट्रॉली हाताशी मिळते आणि येताना ती परत ठेवण्यासाठी मुलांना सोडून चार पावलेही जावे लागत नाही. उतरवण्याचा क्रम मी असा ठेवला: मुलगा आणि मुली गाडीतच बांधलेले असताना आधी ट्रॉली गाडीच्या दारापाशी ओढून घेतली, मग जुळ्यांपैकी शांत मुलीला बेबी कॅरिअरमध्ये छातीशी घेतले, मग चळवळ्या मुलीला थेट ट्रॉलीच्या आसनात बसवून पट्टा लावला, आणि मुलाला सर्वांत शेवटी उतरवले. उतरताच त्याने तळहात गाडीच्या दाराला टेकवून उभे राहायचे असते. हा नियम त्याला घरी, अंगणात, खेळ म्हणून शिकवला होता. 'हात गाडीला' एवढे म्हटले की तो तसा उभा राहतो, आणि त्या काही सेकंदांत दार लावणे, पिशव्या काढणे, किल्ली खिशात टाकणे ही कामे निर्धोक होतात.

ट्रॉलीविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण जुळ्यांच्या पालकांची अडचण येथेच सुरू होते. बहुतेक ट्रॉल्यांना मुलासाठी एकच आसन असते. काही दुकानांत दोन आसनांची ट्रॉली असते, पण ती मोजकीच असल्याने आधी फोन करून विचारणे बरे. ती नसेल तर दुसऱ्या जुळ्याला सामानाच्या जाळीत बसवण्याचा सोपा मार्ग समोर दिसतो. तो घेऊ नये. जाळीत पट्टा नसतो, मूल उभे राहते, आणि ट्रॉलीचा भार मुळातच वर आणि तिचा पाया अरुंद असल्याने ती कलंडायला थोडा झोकही पुरतो. अमेरिकेत १९९० ते २०११ या काळात १५ वर्षांखालील मुलांच्या ट्रॉलीमुळे झालेल्या दुखापतींचा अभ्यास झाला, त्यात दरवर्षी सरासरी २४,००० हून अधिक मुले रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आल्याचे दिसले. त्यांतील सुमारे ७० टक्के दुखापती पडण्यामुळे झाल्या होत्या आणि सर्वाधिक मार डोक्याला लागलेला होता. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००६ मध्येच पालकांना शक्य तेथे ट्रॉलीला पर्याय शोधण्यास सांगितले होते. एक मूल अंगावर, एक आसनात पट्ट्यासह आणि एक चालत, ही माझी मांडणी त्यातूनच ठरली. मोठ्या मुलाने ट्रॉलीच्या बाहेरच्या कडेवर उभे राहणेही मला मान्य नाही. त्याच्या एका बाजूच्या वजनाने आत बसलेल्या बहिणीसह ट्रॉली उलटू शकते.

ज्यांची जुळी याहून लहान आहेत, त्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवड्यांच्या आधी जन्मतात, त्यामुळे आसनात बसवण्याचा निर्णय जन्मतारखेवरून न करता, बाळ आधाराशिवाय नीट बसते का यावरून करावा. गाडीतले बाळाचे आसन उचलून ट्रॉलीच्या आसनावर ठेवण्याची पद्धत दिसायला सोयीची आहे, पण ते तेथे घट्ट बसण्यासाठी बनवलेले नसते आणि भार आणखी वर जातो. कॅरिअरमध्ये बाळाचे तोंड आणि नाक सतत दिसत राहिले पाहिजे, आणि त्याची हनुवटी व छाती यांत दोन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. खालच्या फळीवरची वस्तू घेताना कमरेतून वाकू नये, गुडघ्यांत बसावे.

आत गेल्यावर मुलाचा हात ट्रॉलीच्या बाजूच्या एका ठरावीक दांड्यावर होता. या वयाच्या मुलाला 'माझ्याजवळ राहा' हे फार मोघम वाटते. 'हा दांडा सोडायचा नाही' हे त्याला कळते. त्याला खरे काम दिले होते. यादीतल्या काही वस्तूंची चित्रे मी एका कागदावर काढली होती आणि वस्तू ट्रॉलीत पडली की तो त्या चित्रावर रेघ मारत होता. दोन फळांतून एक निवडण्याचा अधिकारही त्याचाच होता. हरवल्यास काय करायचे, हे आम्ही दारातच पुन्हा म्हणून घेतले: जेथे आहे तेथेच थांबायचे, मोठ्याने हाक मारायची आणि 'बाबा' एवढेच न म्हणता माझे पूर्ण नाव घ्यायचे, कोणी आले नाही तर बिलाच्या काउंटरवरच्या माणसाकडे जायचे. जुळ्यांच्या मनगटावर मात्र फोन क्रमांकाची पट्टी बांधलेली होती, कारण त्यांच्याकडून बोलण्याची अपेक्षा नाही.

जुळ्यांचा स्वतःचा प्रश्न हा, की एकीच्या हातात जे आहे तेच दुसरीला हवे असते, आणि एकीचे रडणे क्षणात दोघींचे होते. फेरीच्या मध्यावर तसे झालेच. आसनातल्या मुलीला बहिणीच्या हातातला कापडी ससा हवा होता. माझ्या पिशवीत त्याच सशाची जोडी होती, म्हणून ते लवकर निवळले. प्रत्येक वस्तू जोडीने घ्यावी, रंगही तोच असावा. वेगळ्या रंगाचा ससा हा त्यांच्या लेखी वेगळाच ससा असतो. रडणे वाढत गेले तर ट्रॉली तेथेच ठेवून, कर्मचाऱ्याला तसे सांगून, तिन्ही मुलांसह दाराबाहेर पाच मिनिटे उभे राहावे. भरलेली ट्रॉली सोडायला पालकांचे मन होत नाही, हे मला समजते, पण ती परत मिळते.

वाटेत लोक थांबवतात. 'जुळ्या का?', 'यांतली मोठी कोण?', 'कोण जास्त शहाणी?' हे प्रश्न प्रेमाने विचारलेले असतात आणि मी त्यांची उत्तरे चालता चालता देतो, कारण थांबले की आसनातल्या मुलीचा संयम संपतो. मला खंत वाटते ती मुलाची. दोघींभोवती माणसे जमतात आणि तो दांडा धरून खाली उभा असतो. म्हणून प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'आणि हा त्यांचा दादा, आजची यादी याच्याकडे आहे' असे मी न चुकता जोडतो. त्या दिवशी एका आजींनी त्याच्याकडून सारी यादी वाचून घेतली. तो वाचत नव्हता, चित्रे सांगत होता, पण त्यानंतर काउंटरपर्यंत त्याने एकदाही दांडा सोडला नाही. दोन बहिणींत तुलना करणाऱ्या प्रश्नाला मात्र मी उत्तर देत नाही, कारण ती दोघींना लवकरच समजू लागेल.

खाऊ देऊन मुलांना गप्प बसवणे मी टाळले. चालत्या ट्रॉलीत, अर्धवट वळून बसलेल्या मुलाच्या घशात घास अडकला तर तो सामान पाहणाऱ्या पालकाच्या लक्षात उशिरा येतो. द्यायचेच असेल तर थांबून, समोर उभे राहून, मऊ आणि सहज विरघळणारे द्यावे. अख्खी द्राक्षे आणि सुका मेवा या वयात नकोच. कच्चे मांस किंवा कोंबडी घेणाऱ्यांनी ते स्वतंत्र पिशवीत गुंडाळून मुलापासून दूर, ट्रॉलीच्या तळाशी ठेवावे. अमेरिकेत तान्ह्या मुलांच्या साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर (पोट बिघडवणारे जिवाणू) संसर्गांवर २००६ आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, ट्रॉलीत कच्च्या मांसाशेजारी बसवले जाणे हा जोखमीचा एक घटक आढळला होता. ट्रॉलीचा दांडा मी आरंभी पुसून घेतला, कारण आसनातले मूल तो हमखास तोंडात घालते.

काउंटरवर मी यंत्रावर स्वतः बिल करण्याऐवजी माणूस असलेली रांग घेतली, जरी ती थोडी लांब होती. यंत्रावर प्रत्येक वस्तूचा बारकोड शोधताना दोन्ही हात आणि डोळे गुंततात, आणि मुलांवरचे लक्ष जाते ते नेमके दाराजवळ. येथेच लहान मुलांच्या नजरेच्या उंचीवर गोळ्या-चॉकलेटे आणि बटणाएवढ्या बॅटऱ्या टांगलेल्या असतात. अशी बॅटरी गिळली गेल्यास दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर जखम होऊ शकते. म्हणून आसनाची बाजू मी रॅकपासून लांब राहील अशी ट्रॉली वळवून उभी केली. जड वस्तू आधी काउंटरवर ठेवल्या, म्हणजे त्या पिशवीच्या तळाशी गेल्या. पैसे देण्याचे कार्ड पाठीवरच्या पिशवीत न ठेवता खिशात ठेवावे. कॅरिअर बांधलेले असताना पाठीकडे हात पोचत नाही.

परतताना क्रम नेमका उलटा केला, हे मुद्दाम नोंदवतो. दादा आधी आपल्या आसनात बसला, मग ट्रॉलीतली मुलगी, त्यानंतर सामान, मग शेजारीच ट्रॉली परत ठेवली आणि छातीवरच्या मुलीला सर्वांत शेवटी बसवले. या सर्व वेळात गाडीची दारे उघडी होती आणि किल्ली माझ्या खिशात होती. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचे तापमान १० मिनिटांत सुमारे ११ अंश सेल्सिअसने वाढू शकते. विसरलेल्या एका वस्तूसाठी मुलांना गाडीत ठेवून आत धावण्याचा विचारही करू नये, ती वस्तू पुढच्या वेळी येईल.

गाडी नसलेल्यांसाठी जुळ्यांची बाबागाडी हाच आधार, आणि तिच्यासह ट्रॉली ढकलता येत नाही, त्यामुळे यादी निम्मी करून जड सामान घरपोच मागवणे शहाणपणाचे आहे. शेजारी-शेजारी आसनांची बाबागाडी रुंद असते, तिच्या रुंदीचे माप घेऊन दाराशी ताडून पाहावे. एकामागे एक आसनांची अरुंद वाटेतून जाते, पण वळायला जड पडते. पिशव्या दांड्याला अडकवू नयेत, मूल उतरवताच ती मागे उलटते. सामान खालच्या टोपलीतच ठेवावे.

घरी पोचल्यावर थंड पदार्थ आधी आत ठेवावेत, हे सर्वांना माहीत असते; नाशवंत अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर राहू नये, आणि उष्णता ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. तरीही मी पहिली पिशवी रिकामी केली ती साबण, कपडे धुण्याच्या द्रवाच्या पुड्या आणि फरशी पुसण्याच्या औषधांची. जमिनीवर ठेवलेल्या पिशव्या उपसणे हा दीड वर्षाच्या मुलांचा आवडता उद्योग असतो आणि जुळी असली की दोन पिशव्या एकाच वेळी उपसल्या जातात, म्हणून ही पिशवी दुकानातच वेगळी भरून घ्यावी, तिला गाठ मारावी आणि घरात पाऊल टाकताच ती कुलूप लागणाऱ्या वरच्या कपाटात ठेवून मगच दुधाकडे वळावे.